तारेपासून लहर का सुटते

आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरील केंद्रांचे निवेदक सभेच्या सुरुवातीला दोन आकडे सांगत आले आहेत: इतके मीटर, अर्थात इतके किलोहर्ट्झ. पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ३७८.८ मीटर, मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ५३७.६ मीटर. ऐकणाऱ्याला त्यातला एकच आकडा पुरे होता, कारण डायलवरचा काटा एकाच आकड्यावर आणून ठेवायचा असे. तरीही दुसरा आकडा शोभेचा नव्हता. दोहोंचा गुणाकार केला तर कोणत्याही केंद्रासाठी उत्तर तीन लाखांच्या आसपासच येते, आणि तीन लाख किलोमीटर हे प्रकाश एका सेकंदात कापतो ते अंतर आहे. किलोहर्ट्झचा आकडा काळाचा, मीटरचा आकडा लांबीचा, आणि या दोघांना बांधून ठेवणारा वेग निसर्गाने ठरवून दिलेला. अँटेनाविषयी जे मुळातून समजून घ्यायचे ते या तिघांच्या नात्यातच आहे, असे या लेखनाचे म्हणणे आहे. आणखी नेमके सांगायचे तर, अँटेना चालतो तो विद्युतक्षेत्रातला बदल दूरवर पोचायला वेळ लागतो म्हणून. प्रकाशाचा वेग अनंत असता तर जगातल्या एकाही तारेपासून एकही लहर सुटली नसती.

हे विधान वरवर पाहता उलटे वाटेल. लहरी वेगवान आहेत म्हणून रेडिओ शक्य झाला, असाच आपला समज असतो. त्यांच्या संथपणाचे आभार कोणी मानत नाही. शालेय पुस्तकातली व्याख्याही मदतीला येत नाही. अँटेना विद्युत संदेशाचे लहरींत आणि लहरींचे विद्युत संदेशात रूपांतर करतो, हे खरे आहे. पण एखादी साधी धातूची कांडी हे रूपांतर कशामुळे करते, आणि घरातली दुसरी तितकीच लांब तार ते का करत नाही, याचा त्या वाक्यात मागमूस नसतो. त्यामुळे अँटेना म्हणजे हवेतून जाणारे काहीतरी पकडणारे उपकरण, अशी एक धूसर कल्पना मनात राहते आणि तिच्या जोरावर माणूस गच्चीवरच्या डिशपासून टोलनाक्यावरच्या फास्टॅगपर्यंत सगळे वापरत राहतो. वापरायला तेवढी पुरतेही. पण ती कल्पना एकाही ‘का’चे उत्तर देत नाही.

सुरुवात एका विद्युतभारापासून करू. भार स्थिर असेल तर त्याचे विद्युतक्षेत्र सर्व दिशांना पसरलेले असते आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होत जाते: दहापट अंतरावर शंभरावा भाग, शंभरपट अंतरावर दहा हजारावा. आता हा भार झटकन थोडा बाजूला सरकला असे समजा. त्याच्या सरकण्याचा परिणाम प्रकाशाच्या वेगानेच बाहेर जाऊ शकतो. म्हणून क्षणभरानंतर जवळच्या भागातले क्षेत्र भाराच्या नव्या जागेला धरून असते, दूरचे क्षेत्र अजून जुन्याच जागेला, आणि मध्ये एक पातळ पट्टा असतो जिथे क्षेत्ररेषांना या दोन स्थितींची सांगड घालण्यासाठी आडवा बाक घ्यावा लागतो. पंढरीच्या वाटेवर दिंडीचे पुढचे टोक अचानक थांबले तर मागचे वारकरी काही काळ चालतच राहतात. थांबल्याची खबर जिथवर पोचली असेल तिथे दाटी होते, आणि कोणीही मागे न चालता ती दाटी मात्र मागेमागे सरकत जाते. क्षेत्ररेषांतला बाक याच रीतीने बाहेर सरकतो. आणि त्याचा एक गुण निर्णायक आहे. हे आडवे क्षेत्र अंतराच्या वर्गाने कमी होत नाही, नुसत्या अंतराने कमी होते. शंभरपट दूर गेल्यावर स्थिर क्षेत्र दहा हजारावा भाग उरलेले असते, तर हा बाक शंभरावा. दूरवर टिकते ते हेच, आणि आपण ज्याला रेडिओलहर म्हणतो तीही हीच. भार सतत पुढेमागे हलवत ठेवला की बाकामागून बाक निघत राहतात.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा लहरी गणिताने दिसल्या, आणि त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाशी इतका जुळला की प्रकाश हीच अशी लहर आहे हे त्याने तिथेच मांडले. पण दाव्याला पुरावा हवा होता, आणि तो मिळायला वीसेक वर्षे गेली. जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे हाइनरिश हर्ट्झने १८८७ आणि १८८८ मध्ये ठिणगीच्या साहाय्याने तारेतला भार अतिशय वेगाने हलवला आणि खोलीत दूरवर धरलेल्या, बारीक फट असलेल्या तारेच्या कड्यात दुसरी ठिणगी उमटवली. ठिणगी उमटली एवढ्यानेच वाद मिटला नसता. जवळच्या दोन तारांत विजेचा परिणाम एकमेकींवर होतो हे फॅरेडेच्या काळापासून ठाऊक होते. हर्ट्झच्या प्रयोगाचे वजन पुढच्या पायरीत आहे. त्याने भिंतीवर धातूचा पत्रा लावून लहरी परतवल्या आणि खोलीत कुठे ठिणगी जोरकस होते, कुठे मावळते ते मोजले. दोन मावळत्या जागांमधले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. परिणामाला पोचायला वेळ लागतो हे अशा रीतीने फूटपट्टीने मोजता येणाऱ्या लांबीत उतरले. काही वर्षांतच कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी तरंगलांबी मिलिमीटरांपर्यंत खाली आणली, आणि खोलीभर पसरणारी उपकरणे टेबलावर मावू लागली. लहर आखूड झाली तसा अँटेनाही आखूड झाला. बोस यांनी वापरलेले धातूचे शिंगाच्या आकाराचे अँटेना आजच्या मायक्रोवेव्ह प्रयोगशाळांत सर्रास दिसतात.

मग लांबीचा इतका आग्रह का? याचे उत्तर पुन्हा उशिरातच आहे. कोणत्याही मंडलात एका तारेतून प्रवाह जातो आणि दुसरीतून परत येतो. दूरवरच्या बिंदूवर दोन्ही तारांचे परिणाम पोचतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध असल्याने जवळजवळ संपूर्णपणे एकमेकांना खोडून काढतात. लहर उरते ती दोन परिणामांच्या पोचण्यात एका आवर्तनाच्या तुलनेत लक्षात येण्याजोगा फरक पडला तर. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात प्रकाश सहा हजार किलोमीटर जातो. कोयनेहून मुंबईकडे येणारी संपूर्ण वाहिनीसुद्धा त्या लांबीच्या विसाव्या भागाहून कमी भरते. घरातली दहा मीटरची वायर तर त्यापुढे धुळीएवढीच. पुणे केंद्राच्या लहरीचे एक आवर्तन मात्र मायक्रोसेकंदाहून जरा जास्त वेळात संपते, आणि तेवढ्यात प्रकाश ३७९ मीटर जातो. त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे पंचाण्णव मीटरच्या आसपासचा मनोरा उभारणे माणसाच्या आवाक्यातले आहे. तांबे तेच, इलेक्ट्रॉन तेच. ते फार धावतात असेही नाही. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेतून एक अँपिअरचा प्रवाह मध्यम लहरींच्या वारंवारतेने खेळत असेल तर एकेक इलेक्ट्रॉन सरासरीने एका अणूच्या आकाराएवढाही सरकत नाही. बदलले आहे ते फक्त तारेची लांबी आणि एका आवर्तनात प्रकाशाने कापलेले अंतर यांचे गुणोत्तर.

या गुणोत्तराला आकड्याची जोडही आहे. तारेतून लहर सुटते तेव्हा तिच्याबरोबर ऊर्जा जाते, आणि ती ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्राला असे भासते की तारेत कुठेतरी एक रोध बसवला आहे. रोध गरम होत नाही, कारण तो तारेत नाहीच. ऊर्जा अवकाशात निघून जाते त्याचा तो हिशोब आहे. याला प्रारण-रोध म्हणतात. अर्ध्या तरंगलांबीची, मध्ये तोडून दोन भाग केलेली सरळ तार घेतली तर हा रोध सुमारे ७३ ओहम येतो. पन्नास हर्ट्झवर दहा मीटरच्या तारेसाठी हेच गणित केले तर उत्तर एका ओहमच्या अब्जांशाच्या आसपास पोचते, आणि परतीच्या तारेने होणारी खोडाखोड धरली तर त्याहूनही खाली. टीव्हीच्या काळ्या गोल केबलवर ७५ ओहम असे छापलेले असते. तो आकडा या ७३ला साजेसा आहे. पूर्वी अँटेनापासून टीव्हीपर्यंत चपटी, दोन तारांची पट्टी येत असे, ती ३०० ओहमची. तेव्हाच्या अँटेनातली मुख्य दांडी टोकांना दुमडून बंद केलेली असे, आणि अशा दुमडीने रोध चौपट होतो. वायरमनने तोंडपाठ केलेल्या या आकड्यांमागे अवकाशाचा गुणधर्म उभा आहे, हे मला या विषयातले सर्वांत मोहक ठिकाण वाटते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पन्नास हर्ट्झची तार लहर सोडत नाही म्हणता, तर मग अतिउच्च दाबाच्या वाहिनीखाली धरलेली ट्यूबलाइट कशी मिणमिणते? ध्वनिवर्धकाच्या वायरीत मेन्सची गुणगुण कुठून शिरते? उत्तर असे की तारेभोवती क्षेत्र असणे आणि तारेपासून लहर सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळचे क्षेत्र भाराला बांधलेले असते. त्यात साठलेली ऊर्जा प्रत्येक आवर्तनात बाहेर जाते आणि परत येते. तिच्यात काही ठेवले तर त्याला ती थोडीफार देते, नाही तर तारेकडे परतते. हा फरक आता रोज हाताळला जातो. मेट्रोचे कार्ड किंवा टॅप करून पैसे देण्याचे बँकेचे कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते. तिथे तरंगलांबी २२ मीटर आहे आणि कार्डातले वेटोळे काही सेंटिमीटरचे. ते जवळच्या क्षेत्रातच काम करते, म्हणून कार्ड यंत्राला जवळजवळ टेकवावे लागते, आणि रांगेतल्या मागच्या माणसाचे पैसे कापले जात नाहीत. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो. तरंगलांबी पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास आहे, काचेवरच्या चिकटपट्टीत तिच्या बऱ्यापैकी हिश्श्याएवढी धातूची नक्षी मावते, आणि गाडी काही मीटरवर असतानाच नाक्यावरचा वाचक तिला ओळखतो. दोन्हींत बॅटरी नाही, दोन्हीही समोरच्या यंत्राकडून ऊर्जा घेतात. एकाला जवळ जावे लागते आणि दुसऱ्याला नाही, याचे मुख्य कारण लांबीचे गुणोत्तर हेच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. लांबी इतकी महत्त्वाची असेल तर खिशातल्या ट्रान्झिस्टरवर ३७९ मीटरची लहर कशी ऐकू येते? त्यात तर बोटाएवढी फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर बारीक तारेची गुंडाळी असते. पुष्कळ पुस्तके इथे फेराइटच्या चुंबकीय गुणांचे कौतुक करून पुढे जातात. फेराइट लहरीचा चुंबकीय भाग गोळा करतो हे खरे, पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ही कांडी अँटेना म्हणून अत्यंत अकार्यक्षमच आहे. पुण्याचे केंद्र अशा कांडीने प्रसारण करू म्हणेल तर जवळपास सगळी वीज तिच्यातच उष्णता होऊन जाईल. मग ग्रहणात ती चालते कशी? कारण मध्यम लहरींच्या पट्ट्यात विजांचा आणि यंत्रांचा गोंगाट एवढा असतो की मोठा अँटेना लावला तर संदेशाबरोबर गोंगाटही तेवढ्याच पटीने वाढतो. लहान अँटेना दोघांनाही सारखेच कमी करतो, आणि पुढे ट्रान्झिस्टर दोघांनाही वाढवतो. ऐकू येण्यासाठी लागते ते संदेश आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, आणि ते बिघडत नाही. एकच अँटेना सोडायला जसा असतो तसाच घ्यायला असतो, हा नियम त्यामुळे मोडत नाही. सोडताना वाया गेलेल्या किलोवॅटचे बिल येते, घेताना वाया गेलेल्या संदेशाचे येत नाही, इतकेच. ट्रान्झिस्टर टेबलावर आडवा फिरवून पाहा: एका ठराविक स्थितीत केंद्राचा आवाज मावळतो. त्या वेळी कांडीचे टोक केंद्राच्या दिशेने असते. एफएमवर, शंभर मेगाहर्ट्झच्या परिसरात, गोंगाट कमी आणि लहर तीन मीटरची असते; तिथे कांडी उपयोगाची नाही, काढता येणारी दांडी लागते. मोबाइलवर एफएम ऐकायला इअरफोन खुपसायला लावायचे ते याचसाठी. मीटरभराची ती वायर आवाज कानापर्यंत आणायची, आणि तीच अँटेनाही होती.

प्रसारणाच्या बाजूला आखूडपणाची किंमत कशी चुकवावी लागते याची उदाहरणे भव्य आहेत. इंग्लंडमध्ये रग्बी इथे १९२६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राची लहर जवळजवळ एकोणीस किलोमीटर लांब होती. तिच्यासाठी अडीचशे मीटर उंचीचे बारा मनोरे उभारले, तरी लहरीच्या मानाने तो अँटेना बुटकाच राहिला. तमिळनाडूत आयएनएस कट्टबोम्मन या नौदल केंद्राचे मनोरे साडेचारशे मीटरांहून उंच आहेत. पाणबुड्यांशी बोलायला अशाच किलोमीटरच्या मापाच्या लहरी लागतात, कारण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आखूड लहर शिरताक्षणी विरते. तिथे दुसरा इलाज नाही. पण १९२०च्या दशकात साम्राज्याला बिनतारी संदेशांनी जोडायचा प्रश्न आला तेव्हा इलाज होता, आणि त्याचा एक पाय आपल्याकडे होता. मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिनने शंभर मीटरपेक्षा पुष्कळ आखूड लहरींसाठी तारांचे उभे पडदे रचले. पडद्यातल्या प्रत्येक तारेचा परिणाम समोरच्या दिशेला एकाच वेळी पोचतो आणि वाढतो, आडव्या दिशांना वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि खोडला जातो. ऊर्जा झोताने एकाच दिशेला जाते, आणि थोडक्या शक्तीत खंड ओलांडता येतात. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात हे झोत सुरू झाले. आपल्या बाजूला संदेश सोडायचे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते, घ्यायचे दौंडला. समुद्राखालच्या तारांच्या कंपन्यांचा धंदा या पडद्यांनी असा काही हलवला की दोनच वर्षांत साम्राज्यातली केबल आणि बिनतारी सेवा एकत्र करावी लागली.

दूरदर्शनच्या काळातला गच्चीवरचा अँटेना हा त्याच तत्त्वाचा स्वस्त आणि चतुर अवतार. १९२६ मध्ये जपानमधल्या सेंदाई इथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी दाखवले की अँटेनाच्या पुढेमागे नुसत्या सुट्या दांड्या ठेवल्या, त्यांना कोणतीही वायर जोडली नाही, तरी झोत तयार होतो. मागची दांडी जराशी लांब असते, तिच्यातला प्रवाह किंचित रेंगाळतो. पुढच्या जराशा आखूड, त्यांच्यातला किंचित आधी येतो. दांड्यांमधले अंतर कापायला लहरीला लागणारा वेळ आणि हे रेंगाळणे यांचा मेळ असा बसतो की पुढून येणारे सगळे जमा होते आणि मागून येणारे वजा. दांड्या जेमतेम काही टक्क्यांनी लांब-आखूड असतात हे न पाहता अंदाजे कापलेले अँटेना बाजारात पुष्कळ मिळत, आणि मग टीव्हीतल्या दोन-दोन सावल्यांचा दोष गच्चीवरच्या कावळ्यांना जाई. कावळ्याच्या वजनाने दिशा थोडी बदलत असेलही. पण सावली ही बहुधा शेजारच्या इमारतीवरून वळसा घेऊन मायक्रोसेकंदाने उशिरा आलेली तीच लहर असे. पडद्यावर किरण डावीकडून उजवीकडे जाताना तेवढ्या उशिराने चित्राची दुसरी प्रत थोडी उजवीकडे उमटे. उशीर चक्क डोळ्यांना दिसण्याची ही जागा होती. जपानने मात्र या शोधाची फारशी दखल घेतली नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर ब्रिटिशांच्या रडारविषयीच्या कागदांत सापडलेले यागी हे नाव कशाचे, असा प्रश्न जपानी अधिकाऱ्यांनाच पडला होता.

डिशला मी वेगळी जात मानत नाही. वक्र पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवरून परतलेली लहर केंद्रबिंदूशी एकाच वेळी पोचावी, एवढ्यासाठीच तो वक्र असतो. तिची धार ठरते ती व्यासात किती तरंगलांब्या मावतात यावर. डीटीएचची लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास, डिश साठ सेंटिमीटरची. म्हणजे चोवीसेक लहरी मावतात आणि सुमारे तीन अंशांचा झोत मिळतो. केबलवाल्याच्या गच्चीवरच्या जुन्या डिशची लहर साडेसात सेंटिमीटरची, म्हणून ती एवढी अवाढव्य. पण त्या अवाढव्यपणाचा एक फायदा होता. कोकणात मुसळधार पाऊस लागला की डीटीएच बंद पडतो, कारण अडीच सेंटिमीटरच्या लहरीपुढे काही मिलिमीटरचे थेंब नगण्य राहत नाहीत. साडेसातच्या लहरीवर त्यांचा परिणाम पुष्कळ कमी. तीच डिश जाळीची असली तरी चालत असे, आणि यावर नेहमीचा प्रश्न असा की जाळीतून लहर गळून कशी जात नाही. भोक लहरीच्या मानाने लहान असेल तर त्याच्या कडांवरच्या प्रवाहांना एकमेकांची खबर आवर्तन पुढे सरकण्याआधीच मिळालेली असते, आणि जाळी अखंड पत्र्यासारखी वागते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदचा महाकाय रेडिओ दुर्बीण प्रकल्प याच हिशोबावर उभा आहे. गोविंद स्वरूप यांच्या चमूने ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश पत्र्याच्या न करता पोलादी दोऱ्यांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीच्या केल्या. जाळीचे घर एक ते दोन सेंटिमीटरचे, आणि पाहायची सर्वांत आखूड लहर २१ सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, सांगाडा हलका होतो, खर्च आवाक्यात येतो. आणि तीस डिश २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात ठेवल्यामुळे २१ सेंटिमीटरच्या लहरीवर अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतका तपशील दिसू शकतो. मानवी डोळ्याची मर्यादा अंशाच्या साठाव्या भागाची आहे. अर्थात २५ किलोमीटर म्हणजे प्रकाशाला ८३ मायक्रोसेकंदांचे अंतर. तीस ठिकाणी वेगवेगळ्या वेळी पोचलेली एकच लहर जुळवायची तर प्रत्येक डिशच्या संदेशाला हिशोबाने मागे-पुढे करावे लागते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तो हिशोब अखंड बदलत राहतो. डिश ही दुर्बिणीचा दिसणारा भाग. उशिरांची ही वजाबाकी हा तिचा न दिसणारा अर्धा भाग.

मोबाइलच्या मनोऱ्यांची भीती हा या विषयावर हमखास निघणारा वाद. त्याचा निकाल प्रस्तावनेत लागत नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक गिगाहर्ट्झच्या लहरीचा ऊर्जाकण रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दहा लाखांश आहे. क्ष-किरणांशी केलेली तुलना म्हणूनच चुकीची आहे. उरतो तो तापण्याचा प्रश्न, आणि त्यासाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांशावर आणली. दुसरी गोष्ट भौमितिक: ऊर्जा अंतराच्या वर्गाने विरळ होते, आणि मनोरा कितीही मोठा दिसला तरी कानाला टेकलेला फोन तो नव्हे. मनोरा लांब गेला तर फोनला जोर वाढवावा लागतो. वस्तीतला मनोरा हटवा म्हणणाऱ्यांनी हे गणित मांडलेले मी क्वचितच पाहिले आहे.

शेवटचा आक्षेप तरुण अभियंत्यांचा. सगळे काम आता गणकयंत्र करते. संदेश शुद्ध करणे, दिशा फिरवणे, गोंगाट गाळणे. फाइव्ह-जीचा मनोरा तर अनेक छोट्या अँटेनांच्या प्रवाहांना थोडाथोडा उशीर देऊन न हलता झोत फिरवतो. मग धातूच्या लांबीरुंदीची चर्चा जुनी झाली नाही का? यात अर्धे सत्य आहे, आणि ते अर्धे या लेखनाच्या बाजूचेच आहे: गणकयंत्र जे फिरवते आहे तो उशीरच आहे. पण अँटेनाने आत घेतलेच नाही ते कोणतेही गणित परत आणू शकत नाही. एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये दाखवले की अँटेना लहरीच्या मानाने जितका लहान कराल तितका, त्याची कार्यक्षमता राखायची असेल तर, तो वारंवारतांच्या अरुंद पट्ट्यापुरता उरतो. लहान, कार्यक्षम आणि रुंद पट्ट्याचा, यांतले तिसरे सोडावे लागते. वेगवान इंटरनेटला रुंद पट्टा हवा, फोन मात्र हातात मावायला हवा. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा आठ सेंटिमीटरचा, म्हणजे फोनच्या रुंदीएवढा. ती लांबी कुठेतरी मिळवायचीच, म्हणून आता फोनची धातूची कडच अँटेना केली जाते, आणि तिचे हव्या त्या लांबीचे तुकडे पाडायला मध्ये प्लास्टिकच्या बारीक फटी ठेवतात. हातातला फोन कडेवर वळवून पाहिला तर त्या रेघा मोजता येतील. पहिले प्रकरण त्यांच्यापासून सुरू होते: कोणता तुकडा कोणत्या लहरीचा, आणि बोटाने फट झाकली की संपर्क का ढासळतो.